बजीच्या मडक्यात सात-आठ पिल्लं? या चुका टाळा

बजी म्हणजे घरोघरी पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा पोपट. त्याची मादी घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते. सात-आठ घातली की घरात कौतुक सुरू होतं, मडक्यात मोबाइल घालून फोटो काढले जातात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. खरी अडचण पुढे दोन आठवड्यांनी कळते. अंडी एक दिवसाआड येतात, मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते आणि प्रत्येक अंडं फुटायला साधारण १८ दिवस लागतात. त्यामुळे आठवं पिल्लू बाहेर येतं तेव्हा थोरलं जवळपास दोन आठवड्यांचं असतं. नुकतं फुटलेलं पिल्लू जेमतेम २ ग्रॅमचं, आणि थोरलं त्याच्या दहापटीहून जड. मोठ्या विणीत पिल्लं दगावतात ती बहुतेक या अंतरामुळे: धाकटं खाली दबतं, नाहीतर घास त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

भांडं भरलेलं दिसतं, पण त्यात फोलपटं असतात

ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल भांड्यातच टाकतो. वरून पाहिलं की वाटतं, अजून पुष्कळ आहे. खाली एक दाणा नसतो. पिल्लं असताना सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून फोलपटं उडवा आणि वर ताजा दाणा घाला. भांडी दोन ठेवा. पाणीही नेहमीपेक्षा जास्त लागतं.

नुसत्या राळ्या-बाजरीवर आठ पिल्लं वाढत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत मादी पिल्लांना पोटातून आलेला दाट, दुधासारखा द्रव भरवते, आणि तिचं स्वतःचं पोट नर भरवून भरतो. म्हणजे नराला चांगलं खायला मिळालं तरच सगळ्यांना मिळणार. किसलेलं उकडलेलं अंडं, मोड आलेली बाजरी, कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, मक्याचं कोवळं कणीस, हे रोज आलटून पालटून द्या. समुद्रफेसाचा (माकूळ या समुद्री प्राण्याच्या अंगातल्या पांढऱ्या, चुन्यासारख्या कवचाचा) तुकडा पिंजऱ्यात कायम हवा; इतकी अंडी घातल्यावर मादीच्या अंगातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. अंडं आणि मोड आपल्या हवेत लवकर आंबतात, म्हणून दीड-दोन तासांत उरलेलं काढून टाका. हा खुराक पिल्लं फुटल्यावर एकदम सुरू करू नका. अनोळखी पदार्थाला बजी आठवडाभर तोंडही लावत नाही. म्हणून सवय आधीपासून हवी.

थेट सिरिंज हातात घेणं

धाकटं बारीक दिसलं की लोक लगेच हाताने भरवायला धावतात. माझ्या मते हा शेवटचा उपाय आहे. आधी रोज अंधार पडण्यापूर्वी पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी पाहा. कातडी पातळ असल्याने आतले दाणे बाहेरून दिसतात. सगळ्यांची भरलेली असेल तर मडकं बंद करा आणि बाजूला व्हा. मादी धाकट्यांना सहसा विसरत नाही. एकाच पिल्लाची पिशवी सलग रिकामी दिसत असेल तर पहिला उपाय म्हणजे वाटणी. त्याच सुमारास अंड्यांवर बसलेली दुसरी जोडी असेल तर दोन्हीकडची पिल्लं वयानुसार लावा: एका मडक्यात थोरली, दुसऱ्यात धाकटी. बजी दुसऱ्याचं पिल्लू बहुधा बिनतक्रार सांभाळतात. कोणाचं कोण ते कळावं म्हणून पाठीवर खाण्याच्या रंगाचा ठिपका द्या आणि तो पुसट झाला की पुन्हा लावा. आजारी पिल्लू मात्र हलवू नका. एखाद्या मडक्यात पिल्लांची शेपटीची आणि पंखांची पिसं गळत असतील तर तिथून काहीच दुसरीकडे नेऊ नका. तो विषाणू असू शकतो.

दुसरी जोडी नसेल आणि भरवणं भागच असेल, तर पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. गाईचं दूध देऊ नका, पक्ष्यांना ते पचत नाही. लहान बाळांचं गोड सीरियलही नको. पिल्लांसाठी मिळणारी हॅन्ड फीडिंगची पावडरच वापरा. पावडर कालवून केलेली भरवण ३८ ते ४१ अंश सेल्सियस असावी आणि ती थर्मामीटरनेच मोजा, बोट घालून नव्हे. जास्त गरम झाली तर पिशवी आतून भाजते, थंड झाली तर आत साचून आंबते. मायक्रोवेव्हमध्ये मधेच एखादा भाग कडकडीत तापतो, म्हणून त्यात गरम करू नका. आणि गार पडलेल्या पिल्लाला कधीही भरवू नका. आधी ते उबदार झालं पाहिजे, नाहीतर पोटात गेलेलं पचत नाही. रात्रभरात दगावलेल्या अनेक पिल्लांच्या पिशव्या भरलेल्या असतात, त्याचं एक कारण हेच.

तळ गुळगुळीत, मडकं लहान

बाजारातलं नेहमीचं मडकं चार पिल्लांना पुरतं. आठ असतील तर लाकडी पेटीच बरी, तळाला मध्यभागी वाटीसारखा खोलगट भाग असलेली. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, वरच्यांच्या वजनाने आणखी फाकतात आणि तसेच राहतात. लाकडावर रंधा मारल्यावर निघणाऱ्या सालपटांचा तळाला दोन बोटं थर द्या. सुताराकडचा पिठासारखा भुसा नको. तो नाकात जातो आणि त्यात प्लायवुडचा डिंकही असतो. पाय फाकलेले दिसले की थांबू नका. हाडं कोवळी असेपर्यंत, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच, मऊ टेपने पाय योग्य अंतरावर जोडून ते सरळ करता येतात. पट्टी डॉक्टरांकडूनच बांधून घ्या.

आठ पिल्लांची घाणही आठपट. थोरलं आठ-दहा दिवसांचं झालं की दोन-तीन दिवसांनी सालपटं बदला. बोटांना वाळलेल्या विष्ठेचे गोळे चिकटतात. ते ओढून काढले तर नखं तुटून येतात, म्हणून कोमट पाण्यात पाय भिजवून मऊ करा. वरच्या चोचीच्या आत चिकटलेलं अन्नही बोथट काडीने काढा, नाहीतर चोच वाकडी वाढते.

पावसाळ्यात मुंग्या पिल्लांपर्यंत पोचतात. मुंग्यांचा खडू किंवा स्प्रे पिंजऱ्याजवळ नको. पिंजरा स्टँडवर असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

धाकटी आत असताना दुसरी वीण

थोरलं पिल्लू ३० ते ३५ दिवसांनी मडक्याबाहेर येतं. त्या वेळी सगळ्यांत धाकटं जेमतेम तीन आठवड्यांचं असतं. नेमकी तेव्हाच मादी पुन्हा अंडी घालायच्या तयारीला लागते आणि थोरल्यांची पिसं उपटते, कधी टोचून रक्त काढते. मडकं काढून टाका, हा सल्ला इथे चालत नाही, कारण धाकटी अजून आतच आहेत. उडायला लागलेल्या थोरल्यांना छोट्या पिंजऱ्यात घालून तो मोठ्या पिंजऱ्याच्या आतच ठेवा. नर तारांमधून त्यांना भरवत राहतो आणि मादीची चोच पोचत नाही. स्वतः दाणे सोलून पोटभर खायला लागेपर्यंत त्यांना वेगळ्या घरी देऊ नका. याला साधारण सहा आठवडे लागतात. मादीने नवी अंडी घातलीच तर त्यांच्या जागी प्लास्टिकची ठेवा. शेवटचं पिल्लू बाहेर आलं की त्याच दिवशी मडकं उतरवा, आणि एवढी मोठी वीण झालेल्या मादीला निदान सहा महिने पुन्हा मडकं देऊ नका.