स्टिंगरेचा काटा लागल्यावर होणाऱ्या चुका

उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसलेल्या स्टिंगरेवर, म्हणजेच पाकट या चपट्या माशावर, चुकून पाय पडला की तो स्वसंरक्षणासाठी शेपूट उसळवतो आणि शेपटीवरचा काटा बहुधा पावलात किंवा घोट्याजवळ घुसतो. अशा वेळी प्रथमोपचारात होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ एकच असते. या जखमेला केवळ ‘डंख’ समजून जेलीफिश, विंचू किंवा साप यांच्यासाठी ऐकलेले उपाय तिच्यावर केले जातात. प्रत्यक्षात एकाच वेळी दोन इजा झालेल्या असतात. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले करवतीसारखे दाते असल्यामुळे तो आत सहज शिरतो, पण बाहेर निघताना मांस फाडत निघतो. त्याच वेळी त्याच्यावरचे पातळ आवरण फाटून विष जखमेत उतरते आणि आवरणाचे किंवा काट्याचे तुकडे आत राहू शकतात.

पहिली चूक पाण्यातच होते. जखम लहान दिसते म्हणून माणूस तिथेच उभा राहून पाय चाचपत बसतो. वेदना मात्र पुढच्या तासा-दीड तासापर्यंत वाढत जाते आणि तिच्यासोबत घाम, मळमळ किंवा भोवळही येऊ शकते, त्यामुळे कोणाचा तरी आधार घेऊन ताबडतोब किनारा गाठावा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. रक्त उसळून येत असेल किंवा दाबूनही थांबत नसेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी चूक बर्फ लावण्याची. मुका मार लागल्यावर बर्फ चालतो, म्हणून हात आपसूक तिकडे वळतो; पण या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात असे मानले जाते आणि वेदना कमी होते ती गरम पाण्याने. जखम स्वच्छ पाण्याने धुवून त्यातली वाळू काढावी आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. पाण्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.

हा उपाय योग्य असला, तरी करण्याची पद्धत बऱ्याचदा चुकते. कळा असह्य झाल्या, की पाणी जितके जास्त गरम तितके बरे, असे वाटू लागते आणि विषाच्या जखमेवर भाजल्याची जखम चढते. दुखऱ्या पायाला तापमानाचा अंदाज नीट येत नाही, म्हणून थर्मामीटर नसेल तर पाणी आधी दुसऱ्याने स्वतःच्या हाताने आणि मग रुग्णाने आपल्या धडधाकट पायाने तपासावे. मधुमेहामुळे पावले बधिर झालेली असतील किंवा बधिरतेचे इंजेक्शन दिलेले असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. टबातले पाणी काही मिनिटांतच निवते, आणि कोमट पाण्यात पाऊण तास पाय ठेवून ‘काही फरक पडला नाही’ असे म्हणण्याला अर्थ नाही. मधूनमधून गरम पाणी मिसळत राहावे, मात्र ते ओतण्यापूर्वी पाय बाहेर काढावा. पाय बाहेर काढल्यावर वेदना परतली, तर पुन्हा बुडवण्यास हरकत नाही. ९० मिनिटांनंतरही कळा ओसरत नसतील, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली असे समजून डॉक्टरांकडे जावे.

व्हिनेगर काही विशिष्ट जेलीफिशच्या डंखांसाठी वापरतात, इथे त्याचा उपयोग नाही. लघवी ओतणे, जखमेला चीर देणे, तोंडाने विष ओढणे आणि सर्पदंशासारखी पट्टी आवळणे, हे सर्व सरळ टाळावे.

काटा उपटण्याची घाई ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरू शकते. पावलात वरवर अडकलेला छोटा तुकडा चिमट्याने निघत असेल तर काढावा. पण खोल गेलेला, आणि विशेषतः छाती, पोट, मान किंवा जांघेत रुतलेला काटा कधीही ओढू नये. तो रक्तवाहिनीचे तोंड दाबून बसलेला असू शकतो. काटा हलणार नाही अशा बेताने त्याच्याभोवती कापडाच्या घड्या ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियाचे वन्यजीवविषयक टीव्ही कार्यक्रमांचे प्रसिद्ध सादरकर्ते स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू छातीत घुसलेल्या काट्याने हृदयाला झालेल्या इजेमुळे झाला. असे मृत्यू दुर्मीळ असले, तरी छातीवरची जखम बाहेरून लहान दिसते म्हणून ती किरकोळ ठरत नाही.

यानंतरची चूक अधिक शांतपणे घडते, कारण तोवर वेदना थांबलेली असते. गरम पाण्याने कळ जाते, आतला तुकडा जात नाही आणि जिवाणूही मरत नाहीत. त्यामुळे अशी जखम घरच्या घरी चिकटपट्टीने किंवा गोंदाने बंद करू नये. काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल, तर डॉक्टर एक्स-रे काढतात. आवरणाचा मऊ तुकडा त्यात दिसेलच असे नाही, म्हणून कधीकधी सोनोग्राफी करावी लागते. धनुर्वाताच्या लशीची मात्रा कधी घेतली होती, हेही तपासून घ्यावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी जखम छोटी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण समुद्राच्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीच्या काही जिवाणूंचा संसर्ग त्यांच्यात झपाट्याने पसरू शकतो.

लाली वाढत जाणे, पू, ताप किंवा कित्येक आठवडे न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले, तर ‘पायाला काहीतरी लागले होते’ एवढेच सांगू नये. स्टिंगरेचा काटा लागला होता आणि तो खाऱ्या पाण्यात की गोड्या, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दोन्ही पाण्यांत आढळणारे जिवाणू वेगळे असल्याने प्रतिजैविकाची निवड त्यावर अवलंबून असते.