काशानची बाग-ए-फीन कशी पाहावी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

इराणमधल्या काशान शहरातल्या बाग-ए-फीनला येणारे बहुतेक लोक सायप्रसच्या रांगेत फोटो काढतात, हमामात (जुन्या स्नानगृहात) डोकावतात आणि पाऊण तासात बाहेर पडतात. या शाही बागेचा जीव पाण्यात आहे. पाण्याच्या वाटेने चालायचं तर दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

त्याआधी कागदपत्रं. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना मिळालेली व्हिसामाफी साध्या पासपोर्टसाठी २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबली. नोकरीच्या आमिषाने माणसं नेऊन खंडणीसाठी डांबल्याचे प्रकार उघड झाल्यावर हा निर्णय झाला. तेव्हापासून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, म्हणून ‘व्हिसाशिवाय पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटला हात जोडा. तिकिटाआधी परराष्ट्र मंत्रालयाची इराणबद्दलची ताजी सूचना वाचा. ‘जाऊ नका’ असेल तर बेत पुढे ढकला, कारण युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक प्रवास विम्यांत बसत नाही. तिकीटही रद्द करता येण्याजोगंच घ्या.

आपली कार्डं आणि यूपीआय तिथे चालत नाहीत. सगळा खर्च रोख न्यावा लागतो: डॉलर किंवा युरो, नोटा कोऱ्या, घडी न पडलेल्या. नोटांवर रियाल छापलेलं असतं, पण दुकानदार भाव तोमानमध्ये सांगतो. १ तोमान म्हणजे १० रियाल. पैसे देण्याआधी ‘तोमान की रियाल?’ हे विचारलं नाही, तर दसपट रक्कम मोजून हातात देण्याची वेळ येते.

काशान तेहरानपासून साधारण २४० किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून साताऱ्याइतकं. तेहरानचा इमाम खोमेनी विमानतळ शहराच्या दक्षिणेला, काशानकडे जाताना लागणाऱ्या कोम शहराच्या महामार्गावरच आहे. त्यामुळे शहरात न शिरता थेट काशानची टॅक्सी करा. बसनेच जायचं असेल तर मात्र तेहरानच्या दक्षिण टर्मिनलला जावं लागतं.

मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा हिशेब इथे छान जुळतो. २०-२१ मार्चला नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, सुरू होतं, तेव्हापासूनचे तेरा दिवस टाळा, कारण निम्मा इराण फिरायला निघालेला असतो. एप्रिलअखेर ते मे सर्वांत चांगला काळ. जवळच्या कमसर गावात तेव्हा तांब्याच्या भांड्यांत गुलाबपाणी काढतात. जून ते ऑगस्ट पारा चाळिशीपार जातो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे आपल्यासारख्या दमट हवेच्या माणसाला पाणी कमी पडतंय हे डोकं दुखेपर्यंत कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा. सुट्टीचा वार शुक्रवार, तो सोडून जा. आशुरासारख्या शोकाच्या दिवशी स्मारकं बंद असतात, तेही आधी पाहून ठेवा.

बायकांना डोकं झाकण्याचा कायदा आहे. सलवार-कुर्ता आणि ओढणी पुरते, फक्त ओढणी सुती घ्या, रेशमी सारखी घसरते. पुरुषांनी हाफ पँट घरीच ठेवावी.

आता बाग. आजची रचना सफवी घराण्यातल्या शाह अब्बास पहिल्याच्या काळातली, १५९० च्या सुमाराची. पुढे काजार घराण्याचा राजा फतह अली शाह याने तिच्यात भर घातली. २०११ मध्ये युनेस्कोने ज्या नऊ पर्शियन बागा एकत्र जागतिक वारशात घेतल्या, त्यांतली ही एक. बागेला मागच्या चढावरच्या सुलेमानिया झऱ्याचं पाणी मिळतं. उंचीच्या फरकाने दाब तयार होतो, भाजलेल्या मातीच्या नळांतून पाणी पुढे सरकतं आणि कारंजी पंपाशिवाय उडतात. काशानला वर्षभरात दीडशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. ठाण्यात जुलैतल्या एका मुसळधार दिवशी तेवढा होऊन जातो. हे डोक्यात ठेवलं की पाटांचं मोल कळतं.

प्रवेशद्वार उताराच्या बाजूला आहे. शिरल्यावर मधल्या पाटाच्या कडेने थेट वर चालत जा. फोटो परतताना काढा. वाटेत मधोमध चारी बाजूंनी उघडा सफवी मंडप लागतो, त्याच्या पोटातच हौद आहे. तिथे थांबून छतावरची चित्रं पाहा. नंतर बागेच्या वरच्या टोकाला जाऊन वळा आणि पाण्याबरोबर खाली उतरा. पाटात एखादं पान तरंगताना दिसलं तर त्याच्या मागोमाग चाला, पाणी कुठे वळतं ते नकाशापेक्षा लवकर समजतं. पाटांचा तळ फिरोजी फरशांचा आहे, म्हणून उथळ पाणीही खोल भासतं. दुपारच्या उन्हात हा रंग चकाकीत हरवतो, म्हणून सकाळी दार उघडताच आत शिरा.

हमाम शेवटी. पदावरून काढलेला पंतप्रधान अमीर कबीर याला काजार राजा नासिरुद्दीन शाहच्या हुकमाने जानेवारी १८५२ मध्ये इथेच नस कापून मारलं. तेहरानची दार-उल-फुनून ही आधुनिक शिक्षणसंस्था त्यानेच काढली, म्हणून इराणी लोक इथे गंभीरपणे येतात. आत हसत-खिदळत सेल्फी काढू नका.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘गोश्त नको’ म्हणू नये. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. ‘मोर्ग’ही (म्हणजे कोंबडीही) नको म्हणा. आश या घट्ट सुपात मांसाचा रस्सा असू शकतो. नान आणि हिरवा पाला बिनधोक, त्याच्या जोडीला घरची मेतकुटाची पुडी ठेवा.

बागेच्या रस्त्यावरच तेपे सियाल्क हे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचं टेकाड आहे. तिथे सावली नाही. उन्हाळ्यात ते संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पाहा, आणि टॅक्सी ठरवतानाच तिथल्या थांब्याचे पैसे बोलून घ्या.