साथीत शाळा उघडायचा आदेश आला तर काय काय विचारायचं (नवीन शिक्षकांसाठी)

पवित्र पोर्टलमधून नुकतेच लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा कोरोनाचा काळ डीएड-बीएडच्या ऑनलाइन लेक्चरमध्ये गेला, त्यामुळे शाळा उघडताना स्टाफरूममध्ये काय चाललं होतं ते तुम्ही बघितलेलं नाही. पुन्हा साथ न येवो, पण आलीच तर शाळा कधीतरी उघडावीच लागणार आणि उघडायलाच हवी, आमची मुलं नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसायची हे मी बघितलंय. पण सुरक्षेचं काय हे विचारणारा शिक्षक म्हणजे कामचुकार, असं जे त्या वेळी सर्रास बोललं गेलं ते अजिबात मनाला लावून घेऊ नका, विचाराच, आणि लेखी विचारा.

माझी शाळा म्हणजे तालुक्याच्या गावापासून लांबचं अनुदानित हायस्कूल. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करायचं ठरलं पण शेवटचा निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला, मग मुंबई-ठाण्याने पुढे ढकललं आणि आमच्याकडे मात्र सुरू. भाऊबीज होते न होते तोच सगळ्या शिक्षकांची आरटीपीसीआर, १७ ते २२ तारखेच्या आत. तालुक्यातले सगळे शिक्षक एकाच आवारात एकाच रांगेत, ज्याला खोकला आहे तोही तिथेच आणि ज्याला काही नाही तोही तिथेच, म्हणजे टेस्ट द्यायला जाऊनच आजार घेऊन यायचो की काय अशी धास्ती. आमच्या एका सरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, ताप नाही, अंगदुखी नाही, टेस्ट झाली नसती तर सोमवारी दहावीवर तास घेत असते. आणि काही जणांचे रिपोर्ट तर सोमवार उजाडला तरी आलेले नव्हते. म्हणून पहिला प्रश्न हाच, रिपोर्ट हातात नसेल तर वर्गावर जायचं का नाही, आणि हे तोंडी नको, मुख्याध्यापकांनी सूचना वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला हव्यात.

एका बाकावर एक मूल, निम्मी मुलं आज निम्मी उद्या, चार तासांच्या वर शाळा नाही, गणित विज्ञान इंग्रजी शाळेत आणि बाकीचं ऑनलाइन, हे नियम कागदावर ठीक होते. सगळा जीव लावला तो थर्मल गन आणि सॅनिटायझरवर. खोलीत वारा खेळतो का हे कुणी बघेना. आमच्या दहावीच्या खोलीच्या खिडक्या माकडांच्या त्रासामुळे कायमच्या बंद, कड्या गंजून बसलेल्या, वर पत्रा आणि आत उबट हवा. शिपाईमामांनी कड्यांवर रॉकेल सोडलं, हातोडीने ठोकून ठोकून एकेक मोकळी केली आणि बाहेरून जाळी मारली. खर्च फारसा नाही आला, पण सॅनिटायझरच्या पन्नास बाटल्यांपेक्षा मला ते काम मोठं वाटतं. तुम्ही शाळेत गेलात की आधी खिडक्या उघडून बघा. आणि शाळेत आधी विलगीकरण कक्ष असेल तर (आमच्याकडे होता, मुंबई-पुण्याहून आलेल्या लोकांसाठी) खोल्या साफ करून कोण देणार, ग्रामपंचायत का शाळा, हे उघडायच्या आधी ठरवून घ्या, नाहीतर शेवटी झाडू शिक्षकांच्याच हातात येतो.

दुसरं म्हणजे स्टाफरूम. वर्गात आम्ही मास्क लावून शिकवायचो, घसा फाटेपर्यंत ओरडायचो, आणि मधल्या सुट्टीत दहा जण छोट्याशा खोलीत मास्क काढून डबे उघडायचो. हे लक्षात आल्यावर डबा व्हरांड्यात, दोघादोघांनी अंतर ठेवून. सुरुवातीला जड गेलं, डब्यात एकमेकांची भाजी घेतल्याशिवाय घास उतरत नाही आमच्यात, पण केलं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते संमतीपत्राचं. मूल शाळेत पाठवायला पालकांची लेखी संमती लागायची, बरोबरच आहे ते, पण शिक्षकाला कोण विचारत होतं? आमच्या एका मॅडमना डायबेटिस, घरी ऐंशीच्या सासूबाई. लस तेव्हा नव्हतीच, १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली ती आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना, आणि शिक्षक म्हणून आपला वेगळा प्राधान्यगट सुरुवातीला नव्हता, वयाप्रमाणे नंबर लागेल तेव्हा. त्या मॅडमनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून अर्ज दिला की माझ्याकडे ऑनलाइनचे तास द्या, शाळेने बरीच कुरकुर करून मान्य केला. तोंडी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं हे मी खात्रीने सांगते.

कागदाचं एवढं का सांगतेय तर उत्तर प्रदेशात काय झालं ते वाचा. एप्रिल २०२१ मध्ये तिथे पंचायत निवडणुका झाल्या, शिक्षकांना ड्यूट्या लागल्या, नंतर शिक्षक संघटनेने १,६२१ मृतांची यादी दिली आणि सरकारने सुरुवातीला मान्य केले फक्त ३. कारण नियमात ड्यूटी म्हणजे घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत, आणि कोरोनाने माणूस काही त्याच दिवशी जात नाही. ओरड झाल्यावर ड्यूटीपासून ३० दिवसांतले मृत्यू धरायचं ठरलं, ३० लाखांची मदत. आपल्याकडेही सर्वेक्षण, चेकपोस्ट, रेशन दुकान अशा कोविड ड्यूट्या शिक्षकांनी केल्या, ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य होतं, पण ड्यूटीचा पुरावा घरच्यांनाच शोधावा लागायचा.

तेव्हा ड्यूटीचा आदेश व्हॉट्सअॅपवर आला तरी सही-शिक्क्याची प्रत मागा, तारखेसकट फोटो काढून घरातल्या एकाला पाठवून ठेवा. टेस्टचा रिपोर्ट, हजेरीची नोंद, तुम्ही दिलेला प्रत्येक अर्ज, सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलला लावा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका, क्लार्क उद्या या म्हणाला तरी.