अ‍ॅम्बॅसॅडरचा करंट शोधायला बसण्याआधी

सेल्फ मस्त मारतोय, कार्बोरेटरला पेट्रोल येतंय, तरी गाडी पकडत नाही, किंवा पकडली तरी मिसिंग करते, तर करंट बघायचा, म्हणजे प्लगला ठिणगी पोचते का ते. हे 1489 सीसीच्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडरबद्दल आहे, सीबी पॉइंट (कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) वाल्या.

पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, ते सांगायला नको. फिलर गेज हवाच, पॉइंटला ब्लेडचं पातं घालून गॅप लावणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. 12 व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, म्हणजे टेस्ट लॅम्प, मीटरपेक्षा जास्त कामाचा. बॅटरी चार्ज. आणि एक पांढरं स्वच्छ फडकं, ते का ते आता सांगतो.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या, आत पॉइंट ज्या खुंटीवर बसतो तिथे एक फायबरचा वॉशर असतो, नखाएवढा, काळपट तपकिरी, तेलात माखला की दिसतसुद्धा नाही. खाली तो वॉशर, त्यावर पॉइंटच्या पट्टीचा डोळा, त्यावर कंडेन्सरची आणि कॉइलची वायर, वरून टोपीसारखं बुश, मग नट. पट्टी आणि दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या पाहिजेत पण खुंटीला किंवा प्लेटला अजिबात नाही. मागच्या वेळी माझ्याकडून हाच वॉशर राहिला, आणि मी नवा कॉइल आणून बसवला, नवा कंडेन्सर बसवला, प्लग बदलले, करंट शून्य, कारण पॉइंट कायम अर्थ, म्हणजे बॉडीला टेकलेला. म्हणून नट सैल करण्याआधी फोटो काढा, मग एकेक भाग निघेल त्याच क्रमाने फडक्यावर मांडा, आणि जास्तीचा वॉशर खिशात ठेवा. पॉइंट सेटच्या नव्या डबीत तो असेलच असं धरू नका. एकसंध पॉइंट सेट असेल तर ही भानगड कमी, तरी वायरीचा डोळा कुठे टेकतोय ते बघाच.

प्लगच्या वायरींना नंबर टाका, क्रम 1-3-4-2, रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा, उलटा म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरतो. एक नंबर रेडिएटरकडचा.

इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जातो. इंजिन हँडलने फिरवणार असाल तर आधी स्वीच बंद, प्लग काढलेले, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, हँडलभोवती गुंडाळायचा नाही, उलटा फटका बसला तर मनगट जातं.

आता लॅम्प. स्वीच चालू, कॉइलला स्वीचकडून येणाऱ्या टोकावर आणि बॉडीवर लावा, पेटला पाहिजे, नाही पेटला तर डिस्ट्रिब्युटरला हात लावू नका, दोष मागे आहे. मग कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या टोकावर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. सतत पेटलेला, तर पॉइंट टेकत नाहीत किंवा जळून काळे झालेत किंवा आतली ती बारीक लवचिक वायर कव्हरच्या आत तुटली आहे, बाहेरून शाबूत दिसते, ओढून बघा. सतत विझलेला, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा अर्थ आहे, म्हणजे वॉशर. कॉइल आणायला दुकानात जाण्याआधी वॉशर बघा, एवढं ऐका.

लुकलुकतोय तर कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून, काढून इन्सुलेटेड पक्कडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, उघड्या हाताने नाही, पेट्रोलचं फडकं लांब, आणि सेल्फ मारायला सांगा. निळी कडक ठिणगी म्हणजे पुढे रोटर, कॅप, वायरी. पिवळट मरतुकडी म्हणजे बहुतेक कंडेन्सर. नवा कंडेन्सर नवा आहे म्हणून चांगला असं नसतं, जुना फेकू नका. रोटर तपासायला तीच वायर रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरून सेल्फ मारा, ठिणगी उडी मारून रोटरवर जात असेल तर रोटर आतून फुटला. कॅप उलटी करून उजेडात बघा, दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर तिथून करंट पळतोय, पावसाळ्यात हमखास. पुसून जात नाही ती, कॅपच बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर हलतोय ना तेही.

नवे पॉइंट पेट्रोलने पुसून घ्या, त्यांवर तेलकट थर असतो. गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर, कॅमच्या (मधल्या फिरत्या दांड्याच्या) उंचवट्यावर पॉइंटची टाच असताना. कॅमला ग्रीस जरासं. नट आवळल्यावर परत गॅप मोजा, सरकतो. परत लॅम्प. लुकलुकत नाही? वॉशर.

प्लग गॅप 0.6. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा, प्लेट हलली पाहिजे. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, शेवटी, आधी नाही. चढावर टॉप गिअरला इंजिनातून टकटक आली तर डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटर फिरतो त्याच दिशेला केसभर सरकवा.