जिताड्याची पिल्लं : आषाढ-श्रावणात काय करावं

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यात, पाऊस एकदा लागून पडला की उधाणाच्या भरतीबरोबर जिताडा या माशाची पिल्लं खाडीतून वर चढतात. घरच्या तळ्यासाठी ती धरायची तर हेच दिवस. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात उघाडीजवळचं (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचं) संथ पाणी आणि खारफुटीमागची डबकी आधी पाहा.

पिल्लं तिथेच का, हे कळलं की शोध सोपा होतो. गोड्या पाण्यात वाढलेला जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. मिलिमीटरभरही नसलेली ती अंडी तरंगत राहतात आणि दिवसाच्या आत फुटतात. बाहेर पडलेल्या जिवाला पाणी कापता येत नाही, भरती नेईल तिकडे तो जातो. तीन-चार आठवड्यांत त्याला माशाचं रूप येतं. मग तो ओढ सोडून उथळ, आडोशाच्या पाण्यात ठाव धरतो. हा काळ सर्वांत नाजूक. त्याच्यासाठी भाताच्या हंगामात खारं पाणी बांधाआत शेतात घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. पण बांधाबाहेरची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडू नका आणि डबकी बुजवू नका. ठाव धरायला जागा नसेल तर भरतीबरोबर आलेलं पिल्लू ओहोटीबरोबर परत जातं.

दोन-तीन सेंटिमीटरचं जिताड्याचं पिल्लू तपकिरी, डागाळलेलं असतं. तोंडापासून डोक्यावरून पाठीकडे पांढरा पट्टा दिसतो. चंदेरी, थव्याने पळणारी पिल्लं बहुधा बोय माशाची.

मच्छरदाणीच्या कापडाने सगळं ओढून बांधावर ओतायची सवय आहे, ती कृपा करून सोडा. दहा जिताड्यांसाठी शेकडो बोय, कोलंबी, चिवणी चिखलात मरतात, आणि पुढे खाडीत मिळायची मासळीही तीच असते. जाळं पाण्यातच ठेवा, वाटीने जिताडा उचला, बाकीचं तिथल्या तिथे सोडा. पन्नासेकांपेक्षा जास्त पिल्लं हवी असतील तर खाडीवर भार टाकू नका, बीजकेंद्राची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घ्या. चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्येच जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं आहे.

घरी आणल्यावर लगेच तळ्यात सोडायची घाई नको. भांड्यात तळ्याचं पाणी तांब्या-तांब्याने मिसळत एक-दोन दिवसांत खारेपणा उतरवा. मग पिल्लं हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी निवड करा, लहान-मोठी वेगळी करा. यात आळस केला तर वर्ष वाया जातं, कारण जिताडा आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडही गिळतो. खाणं कमी पडलं की हे आणखी वाढतं. पिल्लं साधारण 10 सेंटिमीटरची होईपर्यंत निवड चालू ठेवा.

तळ्यात आधीच बारीक मासळी वाढलेली असू द्या, नाहीतर सोडलेला जिताडा उपाशी राहील. सोडायला सकाळची गार वेळ बरी. त्याआधी सांडव्याची जाळी नीट बांधून घ्या. श्रावणातल्या मुसळधार पावसात तळं भरून वाहतं, आणि जाळी सैल असेल तर मासे एका रात्रीत निघून जातात.