कल्पित राज्यातील योद्ध्या राजाचे चरित्र कसे लिहावे

कल्पित राज्यातील राजा लिहायला घेतला की आपण पहिल्या दिवशी नकाशा काढतो आणि दुसऱ्या दिवशी तलवारीला नाव देतो. नाशिकच्या लेखकाने ही दोन्ही कामे बाजूला ठेवून एखाद्या सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्यात आणि तिसऱ्या लेण्यात वही उघडावी, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी राजाविषयी कोण बोलणार, हे ठरवावे. या लेण्यातील सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची प्राकृत प्रशस्ती त्याची आई गौतमी बलश्री हिच्या दानलेखात आहे आणि तो लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि ज्याने क्षहरातांचा, म्हणजे शक राजा नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला, असा हा राजा. पण त्याच लेखात तो आईची अखंड सेवा करणारा आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणे न आवडणारा आहे. वंश निःशेष करणाऱ्याला जीव घेणे आवडत नव्हते, हे ऐकताना आपण थबकतो. आपल्या चरित्रातही अशी विसंगती आली तर ती घाईने मिटवू नये, कारण बोलणारी आई आहे हे वाचकाला तिथेच कळते.

त्यानंतर राजाचे हुकूम लिहावेत, आणि लढायांना हात घालण्याआधी लिहावेत. राज्यवर्ष १८ मध्ये सातकर्णीने विजयी सैन्याच्या छावणीतून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली, की पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप) शेत त्रिरश्मी, म्हणजे याच लेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. पुढे राज्यवर्ष २४ मध्ये दुसरी आज्ञा निघाली, आणि या वेळी राजासोबत राजमातेचेही नाव होते: दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही उरलेली नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. जिंकलेला मुलुख ओस पडतो आणि राजाला आपलेच दान दुरुस्त करावे लागते, हा प्रसंग मला दहा रणांगणांपेक्षा मोलाचा वाटतो. आपल्या राजाच्या निदान तीन आज्ञा अशा पूर्ण मजकुरासह लिहाव्यात आणि त्यांतली एक त्यालाच बदलायला लावावी.

विजय दाखवायचा तो नाण्यावर दाखवावा. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली; ती नहपानाची होती आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. असे नाणे तिरप्या उजेडात धरले तर डोंगराच्या कमानीसारख्या नव्या चिन्हाखालून जुन्या राजाचे नाक, नाहीतर ओठांची कड डोकावते. हरलेल्या राजाचा चेहरा बाजारात हातोहात फिरत राहिला, एवढे एक वाक्य पराभवाचे आख्खे प्रकरण वाचवू शकते.

ऋतूंच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात वीस हजार स्वार ऐन श्रावणात नदी ओलांडून गेले. तो वाचून गोदाघाटावर वाढलेल्या माझ्या मामांनी एवढेच विचारले, “अरे, त्या दिवशी दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर होते?” गोदापात्रातल्या या मूर्तीला पाणी कुठवर आले, यावरूनच नाशिककर पूर मोजतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याची आपल्याकडची रीत केवळ शुभमुहूर्तासाठी नव्हती, तोवर नद्या उतरतात, वाटा वाळतात, गवत वाढलेले असते आणि खरिपाचे धान्य हाताशी येऊ लागते. म्हणून प्रत्येक मोहिमेच्या पानावर महिना, रोजची मजल आणि मुक्कामाचे पाणी समासात टिपून ठेवावे.

शस्त्रे, वेशभूषा आणि दरबारातील पदव्या शेवटी ठरवल्या तरी चालते. जादूला मात्र वर सांगितलेल्या हिशेबातून सूट देऊ नये. राजाकडे उडणारा घोडा असेल, तर तो दिवसाला किती दाणा खातो आणि ती वैरण कोणत्या गावावर बसवली आहे, हे लिहूनच त्याला आकाशात सोडावे.