जुन्या कापडातून नवा कपडा घडवताना या चुका टाळा

जुन्या साड्या, वापरून सोडलेल्या जीन्स आणि नागपूरच्या कळमना धान्यबाजारातले बारदान यांतून कपडे घडवायला शिकणारे बहुतेक जण आधी चित्र काढतात आणि मग कापड शोधतात. टाकाऊ मालाच्या कामात हा क्रम घातक ठरतो, कारण चित्र पुरे करण्यासाठी शेवटी गांधीबागेच्या कापडबाजारातून नवे कापड आणावे लागते आणि मूळ हेतूच मागे पडतो. आधी कापड पसरावे, त्याचा धड भाग किती आहे ते मोजावे, आणि नंतरच पेन्सिल हाती घ्यावी.

कापडाचा जीव न तपासणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. माझ्या एका विद्यार्थिनीने आजीच्या जरीकाठी रेशमी साडीचे लांब जॅकेट मैत्रिणीच्या लग्नासाठी शिवले. साडी वर्षानुवर्षे कपाटात एकाच घडीवर होती. तपासून घे, असे सांगूनही तारीख जवळ आल्यामुळे तिने थेट कात्री लावली. पंगतीत जेवायला बसताना जॅकेट पाठीवर उभे फाटले. नंतर ते मी हातात घेऊन पाहिले, तेव्हा टीप जशीच्या तशी शाबूत होती. तिच्या शेजारचे रेशीम मात्र जुन्या घडीच्या रेषेवर विरून सुटले होते. अशा वेळी शिलाई पक्की असून उपयोग नसतो.

मी प्रत्येक जुने कापड सकाळच्या उजेडात खिडकीसमोर धरते. विरळ झालेल्या जागी उजेड जास्त येतो, तिथे खडूने खूण करते. मग दोन्ही अंगठ्यांत कापड धरून आधी उभ्या आणि नंतर आडव्या धाग्यावर ताणते. धागा तुटल्याचा बारीक आवाज आला की तो भाग अंगावरच्या कपड्यासाठी बाद. काठ किंवा नक्षी फारच सुंदर असेल, तर मागे जुन्या धोतराचे मऊ कापड लावून गोधडीसारखा धावदोरा घालते. याला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची तयारी नसेल त्याने जुन्या रेशमाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक अस्तराची. अनेकदा धुतलेली जीन्स आता फारशी आटत नाही. तिला लावलेले कोरे सुती अस्तर मात्र पहिल्याच धुण्यात आटते आणि जॅकेटचा घेर चुण्या पडून वर खेचला जातो. म्हणून अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ते लवकर वाळते, परंतु गडद रंग तितक्याच लवकर उडतो.

ताणल्या जाणाऱ्या जीन्समधला रबरी धागा जुना झाला की गुडघ्याचा भाग पुन्हा बसत नाही, तो घेऊ नये. सिमेंटची विणलेली पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. सुती कापडाला लागते तितक्या गरम इस्त्रीने ती वितळते आणि उन्हाने ठिसूळ होते. खतांची व कीटकनाशकांची पोती कितीही धुतली तरी कपड्यासाठी वापरू नयेत. गरम गोंदाची बंदूक तर शिवणकामाच्या टेबलावर नकोच, कारण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो गोंद मऊ पडून काठ सुटतो. तिथे हातशिलाईच घालावी.

कापड सुती आहे की पॉलिस्टर, याबद्दल शंका असल्यास कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धाग्याची मऊ राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी बनतो. पॉलिस्टर निघाल्यास ते इथल्या उन्हाळ्यात अंगाला लागू देऊ नये. त्याची पिशवी शिवावी.